सांगलीहून लाटांकडे: सर्फिंगला निघालेल्या मित्रांच्या प्रवासासाठी गाणी कशी निवडावीत

सांगलीहून मध्यरात्री एक वाजता निघायचे आणि सूर्य उगवता उगवता उत्तर गोव्यातल्या हरमल किंवा अश्वे किनाऱ्यावर पोहोचायचे, असा बेत सर्फिंग करणारे मित्र आखतात, तेव्हा त्यामागे वाऱ्याचा हिशेब असतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यांमुळे लाटा स्वच्छ आणि सलग उठतात. ऊन चढल्यावर खारे वारे सुटले की त्याच लाटा विस्कटतात. म्हणून रात्रीचा प्रवास अटळ ठरतो, आणि गाण्यांची निवडही या रात्रीच्या प्रवासाला धरूनच करावी लागते. गाडी चालवणारा सावध राहिला पाहिजे, मागे झोपलेल्यांची झोप मोडता कामा नये, आणि किनाऱ्यावर उतरताना सगळ्यांचे कान ताजे असले पाहिजेत. या तिन्ही गोष्टी सांभाळायच्या असतील, तर ‘समुद्रावर जायचे म्हणून समुद्राची गाणी’ असा विचार सोडून द्यावा आणि रस्त्याच्या टप्प्यांप्रमाणे यादी करावी, असे माझे अनेक फेऱ्यांनंतरचे ठाम मत आहे.

आधी वेळेचे गणित मांडावे. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी या मार्गाने हा प्रवास सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरचा आणि थांबे धरून साधारण सहा तासांचा होतो. सहा तास म्हणजे 360 मिनिटे. त्यातला दीड तास शांततेसाठी राखून ठेवावा. तो कुठे राखायचा, हे पुढे सांगितले आहे. उरलेल्या 270 मिनिटांत साडेचार मिनिटांचे एक याप्रमाणे साठ गाणी बसतात. गाडीत पाच जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा गाणी येतात. ही बारा गाणी मागताना नुसते ‘आवडीची पाठवा’ असे सांगू नये, कारण मग सगळे जण आपली सर्वांत जोशाची गाणी पाठवतात आणि साठपैकी पन्नास गाणी एकाच ठेक्याची निघतात. चार गाणी सगळ्यांना तोंडपाठ असतील अशी, चार फक्त आपल्याला ठाऊक आहेत आणि इतरांना ऐकवावीशी वाटतात अशी, आणि चार मंद आवाजात, मध्यरात्री चालतील अशी मागावीत. यादी निघण्याच्या आठवडाभर आधी गोळा करावी. गाडी चालवणाऱ्याला कोणतेही गाणे कारण न देता काढून टाकण्याचा अधिकार असावा आणि त्यावर कोणी वाद घालू नये.

एकाच रंगाच्या यादीचा अनुभव मी घेतलेला आहे. आमच्या पहिल्या फेरीला यादी मी केली होती आणि तिच्यात एकजात सर्फ गिटारच्या धून भरल्या होत्या. जयसिंगपूर ओलांडेपर्यंत सगळे खुशीत होते; शिरोलीला महामार्गाला लागलो तेव्हा बोलणे थांबले होते, आणि निपाणीच्या अलीकडे चालक मित्राने काहीही न बोलता आवाज बंद केला. पुढचे चार तास आमच्याकडे लावण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. त्या धून वाईट नव्हत्या. त्यांची जागा चुकली होती.

ही जागा ओळखण्यासाठी ते संगीत मुळात काय आहे, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या तरुणांमध्ये ते रुजले. डिक डेल हा त्यातला अग्रणी वादक. वडिलांकडून तो लेबनानी वंशाचा होता, आणि त्याच्या गिटारवरच्या अतिवेगवान, सलग आघातांत अरबी तंतुवाद्यांची ओळखीची चाहूल लागते. या गिटारचा स्वर ‘ओला’ वाटतो, याचे कारण स्प्रिंग रिव्हर्ब हे उपकरण आहे. फेंडर कंपनीने ते 1961 मध्ये बाजारात आणले. गिटारचा आवाज पेटीतल्या ताणलेल्या स्प्रिंगांमधून फिरवला जातो आणि स्प्रिंगांत मागेपुढे आदळून परत येताना त्याला पाण्याखालच्यासारखी थरथर मिळते. आम्हा सांगली-मिरजेकडच्या माणसांना ही गोष्ट समजायला जड जात नाही. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत असताना शेजारी बसावे: तार घोडीवरून जाते तिथे सुताचा एक धागा सरकवला जातो, आणि तो केसभर पुढेमागे झाला की आतापर्यंत कोरडी वाजणारी तार एकदम उघडते, भरते, गुंजत राहते. तार तीच असते. तिच्या वाटेत काय ठेवले आहे, त्यावर नाद ठरतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हातांच्या कसबामुळे.

तर ही सर्फ गिटार वेगाची आणि उन्हाची आहे. मध्यरात्री उसाच्या रानांतून जाताना ती कानाला टोचते. सावंतवाडी सोडून गाडी बांद्याकडे लागली, फटफटले, मागचे उठून बसले आणि खिडक्या खाली झाल्या, की तिची वेळ येते. तेव्हाही सलग तीन किंवा चार धून पुरेशा असतात.

सर्फिंगचे आणि संगीताचे आणखी जुने नाते हवाई बेटांचे आहे, आणि ते रात्रीच्या प्रवासाला अधिक मानवते. 1830 च्या दशकात गुरे राखण्यासाठी मेक्सिकोहून आलेल्या गुराख्यांनी तिथे गिटार नेली. तिथल्या लोकांनी तिच्या तारा सैल करून स्वतःचे स्वरमेळ बसवले, आणि त्यातून एक संथ, ऐसपैस वादनशैली तयार झाली. 1879 मध्ये मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यापासून युकुलेली घडली. तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची स्टील गिटारही तिथलीच, आणि तिचे श्रेय जोसेफ केकुकू यांना दिले जाते. हीच स्टील गिटार आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ म्हणून आली आणि रेडिओवरच्या सुगम संगीतात अशी मिसळली, की आमच्या घरातल्या मोठ्यांना ती परकी कधी वाटलीच नाही. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा घडवली आणि 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ज्यांना सर्फिंगशी नाते सांगणारे, तरीही पहाटे तीन वाजता चालणारे संगीत हवे आहे, त्यांनी हवाईची सैल तारांची गिटार आणि मोहनवीणा एकामागून एक लावून पाहावी. सरकत जाणाऱ्या स्वराची ओढ दोन्हींत एकच आहे.

आता गाडीतल्या आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निवड इथे सर्वाधिक चुकते. घरी कानात इअरफोन घालून केलेली यादी चालत्या गाडीत निम्मी निकामी होते. टायरांची आणि रस्त्याची घरघर खालच्या पट्टीत असते, त्यामुळे गाण्यातले खर्जाचे काम आणि विलंबित आलापातले अलगद स्वर तिच्यात बुडून जातात. मग कोणीतरी आवाज वाढवते, कोणी बेस वाढवते, पाठोपाठ गाण्याचा जोरकस भाग येतो आणि मागे झोपलेला माणूस दचकून उठतो. म्हणून ज्या गाण्यात अगदी हळू आणि अगदी मोठा असे दोन्ही भाग आहेत, ते रात्रीच्या यादीतून काढावे. मानवी गळा, संतूर, सरोद, ढोलकीची चाटी यांचा आवाज घरघरीच्या वरच्या पट्टीत असल्यामुळे तो कमी आवाजातही स्पष्ट पोहोचतो. बेस वाढवण्याऐवजी एक-दोन घर कमी करावा. गाणी अधिक नितळ ऐकू येतात आणि कान थकत नाहीत. रात्री आवाज पुढच्या स्पीकरांकडे वळवून मागचे जवळजवळ बंद ठेवावेत. निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी बोर्ड टपावर बांधून, सांगली-मिरज रस्त्यावर एक चक्कर मारून यादीतली दहा-बारा गाणी ऐकावीत.

बोर्ड टपावर बांधून असे मुद्दाम लिहिले आहे. बोर्डवरून कॅरिअरला आवळलेले पट्टे वाऱ्यात कंप पावतात आणि गाडीने वेग घेतला की टपातून एकसुरी, दाट गुंजन उतरू लागते. पहिल्या वेळी आम्हाला स्पीकर बिघडल्यासारखे वाटले होते. आवाज बंद केला तरी ते थांबेना, तेव्हा रस्त्याच्या कडेला उतरून टॉर्च लावला आणि हात ठेवताच पट्टा बोटांखाली थरथरताना जाणवला. त्यावरचा उपाय सोपा आहे: पट्टा सपाट न ताणता, बोर्ड आणि कॅरिअर यांच्यामध्ये त्याला एक-दोन पीळ द्यावेत. पीळ दिला की वारा पट्ट्याच्या सपाट पृष्ठभागावर एकसारखा लागत नाही आणि गुंजन विरते. तंबोऱ्यात सूत सरकवून जो नाद जागवतात, तोच इथे पीळ देऊन मारायचा असतो. हे केल्याशिवाय कोणतेही गाणे नीट ऐकू येणार नाही.

पहिला टप्पा सांगली, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर असा आहे. सर्फिंगसाठी बरा असलेला काळ, म्हणजे पावसाळा सरल्यानंतर उन्हाळ्यापर्यंतचा, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम बरेचसे एकाच वेळी येतात. रात्रभर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर या रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी असेलच असे नाही. ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावलेले असतात. अंधारात ट्रेलर दिसण्यापूर्वी त्याचे गाणे ऐकू येते, हा आमचा वारंवारचा अनुभव आहे. म्हणून या तासाभरात आपला आवाज बोलणे सहज ऐकू येईल इतकाच ठेवावा. मंडळी नुकतीच भेटलेली असतात, भडंगाची पिशवी फिरत असते, बोलणे भरपूर असते. सगळ्यांना तोंडपाठ असलेली गाणी इथे खर्चावीत, कारण ती अर्धवट ऐकली तरी चालतात.

कोल्हापूर ते निपाणी महामार्ग आहे आणि तो सर्वांत सोपा टप्पा आहे. इथे ठेकेदार, जोशाची गाणी लावायला हरकत नाही, फक्त गाण्याच्या लयीबरोबर गाडीचा वेग वाढत नाही ना, याकडे शेजारी बसलेल्याने लक्ष ठेवावे.

निपाणी ते आजरा आणि पुढे आंबोलीपर्यंतचा टप्पा मात्र जपून सोडवावा लागतो. पहाटे तीन ते पाच ही शरीराला झोप हवी असण्याची वेळ, रस्ता अरुंद, गावे झोपलेली, आणि गाडीत चालक व शेजारचा सोडून कोणी जागे नाही. इथे मोठा आवाज लावून झोप घालवण्याचा प्रयत्न करू नये. गाण्याने झोप हटत नाही, ती काही मिनिटे पुढे ढकलली जाते आणि आपण सावध आहोत असा भ्रम तेवढा होतो. डोळे जड झाले तर गाडी उजेडाच्या जागी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपावे किंवा चालक बदलावा. जागा असलेल्या चालकाचे मन गुंतून राहावे यासाठी ज्यात शब्द आहेत आणि शब्दांमागे जावेसे वाटते अशी गाणी उत्तम: भावगीते, गझला, अभंग, भारुडे, नाट्यपदे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्या गावच्या माणसांच्या यादीत दोन-चार नाट्यपदे नसावीत, हे मला पटत नाही. सर्फिंगच्या सहलीत ती शोभणार नाहीत असे मित्र म्हणतील. आमचेही म्हणाले होते, आणि आज त्यांपैकी दोघे आजऱ्याच्या अलीकडे स्वतःहून त्यांची मागणी करतात. रागांच्या वेळा पाळण्याची हौस असेल तर कोल्हापूर सोडताना मालकंस किंवा दरबारी, आजऱ्यानंतर ललत, आणि उजाडताना भैरव असा क्रम घड्याळाशी आपोआप जुळतो. फक्त चालत्या गाडीत द्रुत बंदिशी किंवा संतूर-सरोदवरच्या गती निवडाव्यात.

विलंबित ख्यालासाठी या प्रवासात एकच जागा आहे, ती म्हणजे आंबोली. सुमारे 690 मीटर उंचीवरच्या या गावात पहाटे पाचच्या सुमारास थांबावे, इंजिन बंद करावे, थर्मासमधला चहा काढावा आणि दहा मिनिटे एकच आलाप ऐकावा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले होते. एकेक स्वर शांतपणे उलगडत नेणारी ती गायकी इंजिनाच्या घरघरीत ऐकणे म्हणजे ती वाया घालवणे आहे. धुके असेल तर गाडीच्या काचा थेंबांनी भरतात, बोर्डच्या पिशवीवरून पाणी ओघळू लागते, आणि त्या शांततेत तंबोरा कानाला अगदी जवळ वाटतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण यादीतली ही दहा मिनिटे सर्वांत मोलाची आहेत.

त्यानंतर घाट उतरताना गाणे पूर्ण बंद ठेवावे. राखून ठेवलेल्या दीड तासातला पहिला भाग हाच. वळणापलीकडचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, म्हणून खिडकी थोडी उघडी असावी. उंची भराभर कमी होत असल्याने कानाला दडे बसतात आणि सगळे आवाज दबके वाटू लागतात. दाणोलीपाशी घाट संपल्यावर गाणे सुरू करून लगेच आवाज वाढवण्याचा मोह होतो. आवंढा गिळून किंवा जांभई देऊन कान मोकळे होऊ द्यावेत, मग आवाज ठरवावा.

सावंतवाडीपासून कोकण सुरू झाल्याचा आनंद सगळ्यांना असतो आणि कोणीतरी कोळीगीत मागतेच. ती अवश्य लावावीत, मात्र ती मुख्यतः मुंबई-रायगडकडच्या कोळी समाजाची आहेत. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे बहुसंख्य लोक गाबीत आहेत, हे ध्यानात असावे. पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरताना तिथल्या मातीचे काही ऐकायचे असेल तर मांडो आणि दुलपद हवेत. मांडो संथ आणि विरहाने भरलेला असतो, त्यानंतर येणारे दुलपद लय वाढवते. दोन्हींना साथ घुमटाची, म्हणजे तोंडाला चामडे मढवलेल्या मातीच्या भांड्याची. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत. घोरपड संरक्षित प्राणी असल्याने आता बकऱ्याचे वापरतात. दोन मांडो, दोन दुलपदे आणि मग त्या तीन-चार सर्फ गिटारच्या धून, हा क्रम लयीच्या चढणीने नीट जमतो.

पेडणे सोडले की पुन्हा सर्व बंद करावे. शेवटचा अर्धा तास गाणे नको, याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. सर्फिंग करणाऱ्याला पोहोचण्यापूर्वीच बरेच काही वाचायचे असते: माडांच्या झावळ्या कोणत्या दिशेला झुकल्या आहेत, भरती आहे की ओहोटी, लाटा फुटण्याचा आवाज केवढा आहे. गाडी थांबली की दार उघडून उभे राहावे आणि एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद जातात, ते डोळे मिटून मोजावे. लाटा गटागटाने येतात. काही मोठ्या, मग थोडी उसंत, मग पुन्हा मोठ्या. सहा तास गाण्यांनी भरलेल्या कानांना ही उसंत ऐकू येत नाही. शिवाय मंडळींत कोणी पहिल्यांदा पाण्यात उतरणारा असेल, तर अंगात चढवलेला उसना जोश त्याला नको तेवढा पुढे नेतो. त्याने शांतपणे घाबरावे, प्रश्न विचारावेत, आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाचे बावटे पाहून घ्यावेत, हे बरे.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. आजऱ्यापासून पुढे आणि घाटात मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून गाणी आधीच उतरवून घ्यावीत. 320 केबीपीएस दर्जाचे संगीत मिनिटाला साधारण 2.4 एमबी जागा घेते, म्हणजे 270 मिनिटांना साडेसहाशे एमबी पुरतात. ती पेन ड्राइव्हवर घेणे सर्वांत सोयीचे, कारण मग पाच मोबाइलांची ब्लूटूथसाठी ओढाताण होत नाही आणि चालकाला पडद्याला हात लावावा लागत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये गाणी फाइलच्या नावाच्या क्रमाने लागतात, तेव्हा प्रत्येक नावाआधी 001, 002 असे आकडे घालावेत आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे फोल्डर करावे, म्हणजे ट्रॅक्टरांमुळे वेळ लागला तरी पुढचा टप्पा त्याच्या जागीच सुरू करता येतो.

परतीची यादी वेगळी असते आणि ती लहान असावी. दिवसभर पाण्यात राहिल्यावर कानात पाणी साठलेले असते, खांदे भरून आलेले असतात, आणि मोठा आवाज अक्षरशः दुखतो. निघण्यापूर्वी मान कलती करून कान निथळून घ्यावेत, कापसाची काडी आत घालू नये. कथाकथन, कीर्तन, एखाद्या नाटकाचे ध्वनिमुद्रण असे बोलके काहीतरी परतीला छान रमवते, कारण थकलेल्या माणसाला ठेका नको असतो, सोबत हवी असते. जाताना राहून गेलेली गाणी तेवढी मध्ये मध्ये लावावीत.

घरी पोहोचल्यावर, बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन वाळत घातला की त्याच दिवशी यादी पुन्हा उघडावी. जी गाणी कोणी मध्येच बदलायला लावली ती पुसावीत, ज्यांच्या वेळी गाडीतले बोलणे आपोआप थांबले त्यांच्यापुढे टप्प्याचे नाव लिहावे, आणि मोकळ्या झालेल्या जागा पुढच्या फेरीत नव्याने येणाऱ्या मित्राच्या बारा गाण्यांसाठी तशाच राहू द्याव्यात.